अगं बाई, नाळेचेही हप्ते!

ऐकलंत का? ऐकलं असणारच म्हणा. निगडी प्राधिकरणापासून वाकडपर्यंत आता अशी सोसायटी राहिली नाही, जिच्या लिफ्टमध्ये हा विषय निघाला नाही. कुणाच्या तरी सूनबाईंना सातवा लागला. डोहाळजेवणाला हॉल घेतला, फुलांचा झोपाळा आला, धनुष्यबाण आला, वाट्यांखाली पेढा-बर्फी लपवून झाली. इथपर्यंत सगळं रीतीला धरून. ओटी भरायला बायका उठल्या तोच टाय लावलेला एक पोरगेलासा तरुण पुढे झाला आणि त्याने प्रत्येकीच्या हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक ठेवलं. वर झोपलेलं गोरंगोमटं बाळ आणि खाली मजकूर: बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवा, ७५ वर्षं सांभाळू, मासिक हप्त्याची सोय. शिव शिव शिव! आमच्या आजेसासूबाईंच्या काळी नाळ परसात पुरायची, वर दगड ठेवायचा, की विषय संपला. त्या खड्ड्याचा हप्ता कुणी मागितला नव्हता.

आणि यांना नंबर मिळतो कुठून, हे तर मोठंच गूढ. घरात सासूलाही अजून सांगायचं असतं, तोच होणाऱ्या आईच्या फोनवर मधाळ आवाज: ‘मॅडम, अभिनंदन! तारीख कधीची दिलीय?’ पूर्वी ही बातमी तीन महिने पोटात ठेवायची रीत होती. आता ती आधी कॉल सेंटरला कळते, मग माहेरी.

रक्कम विचारू नका. विचारलीच असेल तर सांगते. पन्नास हजारांच्या पुढे सुरुवात, आणि वर्षं वाढवत नेली तर लाखाच्या घरात. या धंद्यातल्या एका बड्या कंपनीची जाहिरात ऐश्वर्या राय बच्चन करायची, त्यामुळे नाळेलाही थोडं ग्लॅमर आलं. नवरा बिचारा हिंजवडीत आयटीत, नाहीतर चाकणला वाहन कंपनीत. फ्लॅटचा हप्ता आहे, गाडीचा आहे, त्यात हा तिसरा. नको म्हणायची सोय नाही, कारण पत्रकवाला तरुण हळूच विचारतो, ‘उद्या बाळाला काही झालं तर तुम्ही स्वतःला माफ कराल का?’ बाई बाई बाई! असा प्रश्न विचारायला यांना कोणत्या शाळेत शिकवतात? विमावाले निदान मरणाबद्दल चाचरत बोलतात.

सरकारची गंमत ऐका. या ‘नाळपेढ्यां’च्या सेवेला पूर्वी जीएसटीतून सूट होती. १८ जुलै २०२२ पासून ती काढून घेतली. इस्पितळातल्या उपचाराला कर नाही, मात्र नाळेचं रक्त शीतपेटीत ठेवलं की कर. दिल्लीला यात उपचार कितपत दिसला असेल ते आम्ही यावरून समजलो. पत्रकात ही ओळ अर्थातच नव्हती.

आता चहाटळपणा बाजूला ठेवून विचारू, हे रक्त उपयोगी पडतं की नाही? पडतं हो. रक्ताच्या मूळ पेशी त्यात असतात हे खरंच. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या एका अमेरिकन मुलाला नाळेतलं रक्त दिलं, तो जगातला असा पहिला प्रयोग आणि तो यशस्वी झाला. पण ते रक्त कुणाचं होतं? त्याच्या नव्याने जन्मलेल्या बहिणीचं! त्याचं स्वतःचं असतं तर काहीच उपयोग नव्हता, कारण जन्मतः आलेला दोष त्याच्या स्वतःच्या प्रत्येक पेशीत बसलेलाच असतो. थॅलेसेमियाच्या मुलाला त्याचंच नाळरक्त परत दिलं तर थॅलेसेमियाच परत मिळणार. म्हणजे ज्या आजारांची नावं वाचून पत्रक हातात धरलेल्या बायका कासावीस झाल्या, त्यातल्या कितीतरी आजारांत बाळाची स्वतःची पिशवी निकामी. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, म्हणजे आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, हिने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्वतःसाठी खासगी पेढीत नाळरक्त ठेवण्याला उत्तेजन देऊ नये. पहिल्या वीस वर्षांत ते स्वतःच्याच कामी येण्याची शक्यता त्यांनी ०.०४ ते ०.०००५ टक्के धरली. म्हणजे फार झालं तर अडीच हजारांत एक, आणि वाईट धरलं तर दोन लाखांत एक. अपवाद आहे, तोही सांगायला हवा. घरात आधीचं एखादं मूल अशा आजाराने झुंजत असेल आणि दुसरं येणार असेल, तर त्या दुसऱ्याच्या नाळेतलं रक्त जरूर ठेवा, डॉक्टरच सांगतील. पण अशा घरी डोहाळजेवणात पत्रक वाटावं लागत नाही.

शिवाय रक्त असतं किती, तर वाटीभर. लहान मुलाला पुरेल, मोठ्या माणसाला एक पिशवी बऱ्याचदा अपुरी पडते. आणि ते भरपूर मिळावं म्हणून नाळ लगेच चिमटली, तर बाळाचं नुकसान. जन्मानंतर मिनिट-दोन मिनिटं थांबून नाळ कापली तर तेच रक्त बाळाच्या अंगात जातं, त्याला लोह मिळतं. जागतिक आरोग्य संघटनाही थांबाच म्हणते. म्हणजे बाळाच्या वाटणीचं रक्त बाळाच्याच नावाने दूर नेऊन ठेवायचं आणि त्याचं भाडं बाळाच्या बापाने भरायचं. धंदा म्हणून बघा, टोपी काढावी असा आहे! माल गिऱ्हाइकाचा, जोखीम गिऱ्हाइकाची, पैसे आगाऊ, आणि माल परत मागायला सहसा कुणी येत नाही.

आला तरी काय मिळेल? सिंगापूरला २०२३ च्या नोव्हेंबरात काय झालं ते ऐकलंत? तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की कॉर्डलाइफ या नामवंत कंपनीच्या काही टाक्या नको त्या तापमानाला गेल्या होत्या. एका टाकीतच सुमारे २,२०० कुटुंबांचं रक्त वाया गेलं. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन, त्यात वर्षानुवर्षं ठेवलेलं लेकराचं भविष्य, आणि पालकांना कळलं कधी, तर सरकारने सांगितल्यावर. प्रगत, शिस्तीचा, रस्त्यावर च्युइंगगम थुंकू न देणारा देश हा! आपल्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होईस्तोवर फ्रीजमधलं आइस्क्रीम कुणी खायचं यावरून भांडणं होतात.

स्वतःच्या पिशवीच्या या अडचणीवर चेन्नईच्या लाइफसेल कंपनीने २०१७ मध्येच एक शक्कल काढली होती. सगळ्या सभासदांच्या पिशव्या एकत्र धरायच्या आणि ज्याला लागेल त्याने त्यातून घ्यायची. चला, म्हणजे अखेर भिशी झाली! स्वतःची पिशवी स्वतःला उपयोगी नाही हे धंद्यानेच कबूल केलं असं आम्ही समजतो. ही कल्पना मुळातल्यापेक्षा शहाणपणाची आहे, हे मान्य. पण सार्वजनिक पेढीत, रक्तपेढीसारखं, दान म्हणून ठेवलं तर तेच काम होतं आणि कुणालाही मिळतं. सार्वजनिक पेढीला मात्र टायवाला तरुण परवडत नाही.

नाळेवर थांबले असते तर गप्प बसलो असतो. मध्यंतरी मुंबईत दुधाचे दात साठवायची पेढी निघाली होती. हो, दात! आपण उंदराला दात देऊन ‘तुझा नवा दात मला दे’ म्हणायचो, तो उंदीर बेकार झाला. मग मासिक पाळीचं रक्त साठवायची योजनाही कुणीतरी आणली. शेवटी आयसीएमआरने, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या परिषदेने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत खडसावलं की नाळरक्त सोडून बाकी कशाचीही व्यापारी साठवण चालणार नाही. त्याच सूचनांत आणखी एक वाक्य आहे, ते पाठ करून ठेवा. मूळ पेशींचा सर्वमान्य उपचार म्हणून उपयोग फक्त ठरावीक रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांत. बाकी सगळं तेव्हा चाचणीच्या पायरीवर, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आता कुठल्याही चौकातल्या पाट्या बघा: गुडघा, टक्कल, मधुमेह, मतिमंदत्व, सुरकुत्या, सगळ्यांवर ‘स्टेम सेल’. सुरकुत्यांच्या क्रीममध्ये तर स्विस सफरचंदाच्या मूळ पेशी असतात म्हणे. सफरचंदाच्या पेशींनी सफरचंद तजेलदार होईल हो, काकूंचा गाल कसा होणार, हे कुणीतरी समजावून सांगावं.

पण खरी बेअब्रूची गोष्ट पुढेच आहे. ज्या पेशी खरोखर माणूस वाचवतात, त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही.

असं का, हे कळायला आधी जुनं औषध बघू. आपल्या पिंपरीला औषध काही नवं नाही. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीन निघायला लागलं. एच.ए. कंपनी म्हटलं की जुन्या पिंपरीकरांचे डोळे अजून पाणावतात. पेनिसिलीनचं वैशिष्ट्य काय, तर मोठ्या टाकीत बुरशी वाढवायची, एकाच टाकीतून हजारोंना पुरेल एवढं औषध काढायचं. टाकी मोठी केली की भाव उतरतो. याच न्यायाने भोसरी, चाकण, तळेगाव उभे राहिले. एक गाडी महाग, लाख गाड्या स्वस्त.

आता पेशींचं औषध बघा. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार आणि त्यांची इम्युनोअॅक्ट, जोडीला टाटा मेमोरियलचे डॉक्टर, यांनी नेक्सकार-१९ नावाचा उपचार उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, नवी मुंबईला न्यायच्या, एका विषाणूच्या पाठीवर बसवून त्यांच्यात नवं जनुक घालायचं, मग कर्करोगाची पेशी ओळखून मारायला शिकलेल्या त्या पेशी वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले, सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. बाकी सगळे इलाज थकलेल्या रक्ताच्या कर्करोगात! नाळेची पत्रकं वाटणाऱ्यांनी हे वाचून खरं तर तोंड लपवायला हवं.

निगडीला भक्ती-शक्तीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला तेव्हा चाकणला सुपरवायझर म्हणून हयात घालवलेले एक काका होते. त्यांचा पहिला प्रश्न: ‘लॉट साइज किती?’

‘एक.’

‘एक हजार?’

‘नाही हो काका, एक. एक पेशंट, एक लॉट.’

‘आणि क्यूसी?’

‘सगळ्या चाचण्या त्या एकाच लॉटवर. हजारांवर करायच्या तेवढ्याच.’

‘रिजेक्शन झालं तर?’

‘तर पेशंटच्या अंगातून पुन्हा पेशी काढायच्या. तोवर पेशंट टिकला तर.’

काकांनी काठी उचलली. ‘हा धंदा नाही,’ म्हणाले, ‘ही सोनारकी आहे.’ आणि चालायला लागले. काका म्हणतात ते बरोबर आहे. इथे टाकी मोठी करून भाव उतरत नाही. दुसरा रुग्ण आला की दुसरी खोली, दुसरा संच, पुन्हा त्याच चाचण्या. अमेरिकेत २०१७ मध्ये असा पहिला उपचार, किमराया, बाजारात आला तो ४,७५,००० डॉलरला. आपला नेक्सकार चाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे परदेशाच्या मानाने फारच स्वस्त आणि त्याबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं. पण चाकणच्या कामगाराचा हिशोब करा. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा २१,००० रुपये. त्या मर्यादेवरच्या माणसाने एक रुपया न खाता सगळा पगार बाजूला ठेवला, तर चाळीस लाख व्हायला जवळजवळ सोळा वर्षं लागतात. आरोग्य विम्याच्या नियमात २०१९ पासून मूळ पेशींचं नाव आहे खरं, पण ते रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जा रोपणापुरतं.

मग स्वस्त कसं व्हावं? दुसऱ्याच्या पेशी वाढवून ठेवायच्या, कुपीत भरायच्या, कुणालाही द्यायच्या. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने दात्यांच्या अस्थिमज्जेतून असं गुडघ्याचं औषध केलं, २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, आणि अल्केम ही औषध कंपनी ते स्टेमवन नावाने विकते. याच अल्केमची एन्झीन ही कंपनी आपल्या चाकणमध्ये आहे. पण चाकणला पेशी विकत नाहीत, पेशींकडून प्रथिनं बनवून घेतात. पेशी तिथे कामगार आहे, माल नाही. हा फरक साधा वाटेल, पण गोम सगळी तिथेच आहे. प्रथिन गाळता येतं, शुद्ध करता येतं, फ्रीजमध्ये ठेवता येतं. पेशी माल झाली की ती रुसते, म्हातारी होते, रस्त्यात मरते. इकडे लोणावळ्यात, आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर, रीग्रो नावाची कंपनी माणसाच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून गुडघ्यात परत घालायला देते, तिला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. लोणावळ्याहून आता चिक्कीबरोबर कूर्चाही निघते, हे किती जणांना माहीत होतं? गुडघ्याचं तेल मात्र प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर.

जगातही हीच रडकथा. डेंड्रिऑन या अमेरिकन कंपनीला २०१० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावर पेशींच्या उपचाराची मंजुरी मिळाली, किंमत ९३,००० डॉलर. २०१४ मध्ये दिवाळं. ब्लूबर्ड बायोने थॅलेसेमियावर रुग्णाच्या पेशींत चक्क चांगलं जनुक घालून दाखवलं. मूल रक्त चढवण्यातून सुटतं! पण जर्मनीत भाव जमेना म्हणून २०२१ मध्ये युरोपातून गाशा गुंडाळला, अमेरिकेत २८ लाख डॉलर भाव लावला, आणि एके काळी अब्जावधी डॉलर किंमत असलेली ही कंपनी २०२५ मध्ये कवडीमोलाने विकली गेली. औषध चालत होतं. पैसे भरणारा नव्हता. आता सांगा, बोट कुणाकडे दाखवायचं? इलाज करणाऱ्याचं दिवाळं नाहीतर लिलाव, आणि साठवून ठेवणाऱ्याचा हप्ता वेळच्या वेळी वळता होतो.

थॅलेसेमियाचं नाव मुद्दाम काढलं. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वस्ती करून ज्यांनी हे शहर जोमाने चालवलं, त्या सिंधी समाजात या आजाराचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. पंजाबी, गुजराती घरांतही. दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता, की मूल आजारी निघेल आणि दर काही आठवड्यांनी रक्त चढवत राहावं लागेल. यावर आपल्याकडे आज भरवशाचा पेशींचा उपचार एकच आहे आणि तो जुना आहे: जुळणाऱ्या भावंडाची किंवा दात्याची अस्थिमज्जा. कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून २०१७ पासून अशा रोपणाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. नाळेची पत्रकं वाटणाऱ्यांपैकी कुणी ही योजना सांगितल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, लग्नाआधी वाहक आहे की नाही हे सांगणारी एचबीए-टू चाचणी काही शे रुपयांत होते. डोहाळजेवणाच्या फुगेवाल्याचंही बिल त्याहून जास्त येतं.

तर मंडळी, पत्रिका जुळवताना ही एक चाचणीही जुळवून घ्या. १८ ते ५० वयातल्या धडधाकट पोरांनी अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीत नाव घालावं. गालाच्या आतून कापूस फिरवतात, सुई नाही, हप्ता तर नाहीच. आणि तो गोड आवाजाचा फोन आलाच, तर ओरडू नका. शांतपणे एकच विचारा, की आजवर तुमच्या टाकीतून किती पिशव्या उपचारासाठी बाहेर गेल्या, कोणत्या आजारासाठी, आणि त्यातल्या किती ज्याच्या त्यालाच परत दिल्या. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.